अर्धेलीची भुरी

१२ जानेवारी २०२५, रविवार

ही वही मापांची आहे. पुढून गावातल्या बायकांची मापं, मागून माझं मन. कुणी चुकून उलटी उघडली तर उघडू दे. लोधिवलीत माझ्याबद्दल जे बोलायचं ते लोक वही न वाचताही बोलतात.

भुरीने आज स्वतःचे केस उपटले. सकाळी शिवणमशीन उघडायला गेले तर खालच्या चिंध्यांच्या टोपलीत केसांची मऊ गादी आणि तिच्यावर ही बसलेली. छातीवर, पोटावर नुसती गुलाबी कातडी. हात पुढे केला तर गुरकावली. ससा गुरकावतो हे मला या वयात कळलं. आणि तोंडात काय धरलं होतं, तर रूपालीच्या हिरव्या ब्लाउजची उरलेली चिंधी.

ती चिंधी पाहिली आणि आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं वर आलं.

रूपाली म्हणजे माझ्या नणंदेची, सुप्रियाताईंची मुलगी. कोंडाण्याला गेल्या रविवारी तिचं डोहाळजेवण झालं. ब्लाउज मी शिवला. फुलांच्या वाड्या मी गुंफल्या. पहाटेपासून चुलीपुढे मी. आणि ओटी भरायची वेळ आली तेव्हा पाच जणी पाटाजवळ बोलावल्या. पाचवी कोण, तर शेजारच्या बंगल्याच्या राखणदाराची बायको, जिला रूपालीचं नावसुद्धा नीट घेता येत नाही. सख्खी मामी दारात तांदळाचं ताट घेऊन उभी. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि माझ्या हातातलं ताट काढून घेऊन त्या बाईकडे दिलं.

किरणला जाऊन चार वर्षं होतील. नवरा गेला माझा, हात तर गेले नव्हते ना? ब्लाउज शिवायला ते हात चालले.

त्याच दिवशी रिक्षात बसताना ठरवलं, हे मी परत करणार. कसं ते अजून ठरलेलं नाही.

१३ जानेवारी

भुरीला घेऊन कर्जतला गेले. सरकारी दवाखान्यात गाई-शेळ्यांचं पाहतात, सशाला कोण विचारतं? म्हणून खाजगी डॉक्टर. ओमकार नाव, वयाने माझ्या भाच्यापेक्षा थोडे मोठे असतील. त्यांनी भुरीला टॉवेलात गुंडाळून पाहिलं आणि म्हणाले, "हे खोटं गाभणपण आहे. पोटात काही नाही, पण हिला वाटतंय पिल्लं येणार. म्हणून घरटं केलंय."

मी म्हटलं, बिचारी. मग मलाच राग आला, कशाची बिचारी?

ते पुढे म्हणाले की मादी ससा चार-पाच वर्षांची झाली की पिशवीत गाठी होण्याचं प्रमाण फार असतं. भुरी अडीच वर्षांची आहे, आत्ता ऑपरेशन करून पिशवी काढून टाकली तर पुढची भीती जाईल. पण ससे भूल सोसतातच असं नाही, ऑपरेशननंतर खाणं सोडलं तर दोन दिवसांत जातात. "घाई नाही, विचार करून सांगा," म्हणाले.

घरी येऊन आईंना सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, विठाबाई, किरणच्या आणि ताईंच्या आई. त्या माझ्याकडेच राहतात. त्या म्हणाल्या, "मुक्या जिवाला कशाला चिरायची गं? देवानं पिशवी दिलीया ती काय उगाच?"

मला दिली होती ती उगाचच म्हणायची मग. पण हे मी बोलले नाही.

१६ जानेवारी

ताईंचा फोन. डोहाळजेवणानंतर पहिलाच. मला वाटलं, माफी मागायला केला असेल. कसली माफी!

"श्रद्धा, भुरीला थोडे दिवस इकडं आणतेस का गं? माझे ससे दिवाळीनंतर कसल्याशा रोगानं गेले, तुला ठाऊक हाय. एक नर तेवढा उरलाय. मे महिन्यात आमच्या खोल्यांत मुंबईची पोरं उतरतात ती सशांपायीच. अर्धेलीची हाय ना ती आपली?"

आपली! ओटीच्या पाटाशी मी आपली नव्हते, माझा ससा मात्र आपला.

अर्धेलीची रीत आमच्याकडे जुनी आहे. शेळी नाहीतर कोंबडी दुसऱ्याला पाळायला द्यायची. जनावर देणाऱ्याचं, चारापाणी घेणाऱ्याचं, पिल्लं निम्मी-निम्मी. किरण गेल्यानंतरच्या दुसऱ्या गणपतीत ताई हे पिल्लू टोपलीत घालून घेऊन आल्या होत्या. मी दारातच सांगितलं, मला कुणाची दया नको, परत न्या. त्यांनी टोपली खाली ठेवली, परत उचलली, मग म्हणाल्या, "दया कसली? अर्धेलीनं देत्ये. पिल्लं झाली का निम्मी माझी." मग मी ठेवून घेतलं. किती हावरट बाई, विधवा भावजयीकडून सशाची पिल्लंसुद्धा वाटून हवीत! आणि दर महिन्याला लोधिवलीपर्यंत येऊन, तासभर बसून, भुरीला मांडीवर घेऊन बघून जातात, आपला माल नीट आहे ना म्हणून. पिल्लांचा विषय मात्र इतके दिवस काढला नाही. आता अडलं तेव्हा अर्धेली आठवली.

फोन ठेवला आणि मशीनवर बसले. एक अख्खी बाही शिवून झाल्यावर मला हसू फुटलं. डॉक्टर म्हणतात पिशवी काढा. ताई म्हणतात पिल्लं द्या. पिशवीच नसली तर निम्मं कशाचं मागणार?

९ फेब्रुवारी

ठरत नाही. एकदा वाटतं उद्याच करून टाकावं. मग भुरी टेबलावर उताणी पडलेली डोळ्यांपुढे येते. भुलीतून उठलीच नाही तर? दुपारी मी हुक लावत बसते तेव्हा ती पायाशी येऊन पाऊल चाटते. दिवसभरात मला आपण होऊन हात लावणारं घरात तेवढं एकच आहे.

आज उगाच मनात आलं की पिल्लं झाली तर कशी होतील? एखादं तिच्यासारखं भुरं, एखादं पांढरं. टोपली अपुरी पडेल. राजूच्या दुकानातून फळांचा खोका आणावा लागेल, आत जुनी अस्तरं घालता येतील. भुऱ्या पिल्लाला शेवंती म्हणायचं. सहज आला विचार, बाकी काही नाही.

आईंपुढे ताईंचा विषय काढला की त्या उठून जातात. आज मी पदर धरून बसवलं आणि विचारलं, तुमच्या लेकीने माझ्याशी असं का वागावं? तर म्हणाल्या, "सुप्रीला बोल लावू नको. ती पोर ओटीच्या आदल्या रातीला रडली व्हती. 'आई, असं कसं करू मी?' म्हनत व्हती."

नाटकं नुसती. रडायला काय पडतंय? आणि रडून शेवटी केलंच ना? मी म्हटलं, "आई, तुम्ही लेकीचीच बाजू घेणार." त्या गुडघा चोळत बसल्या.

१३ फेब्रुवारी

उद्या माहेरी भिवपुरीला निघायचं. चुलतभावाच्या मुलाची हळद आणि लग्न, चार दिवस. आईंनाही नेते आहे. भुरीला कुठे ठेवायचं? शेजारणीकडे मांजर आहे. आईच म्हणाल्या, सुप्रीकडं ठेव. ताई स्वतः येऊन घेऊन गेल्या. मी दारातच बजावलं, "नराजवळ सोडायचं नाही. माझं अजून ठरलेलं नाही."

"वेगळी ठेवीन गं, नाय सोडत," म्हणाल्या.

१८ फेब्रुवारी

भुरी आली. ताईंनी पोचवली, चहा घेतला, माझ्या डोळ्याला डोळा न देता गेल्या. मी भुरीला विंचरायला घेतली तर मानेवर, कातडीजवळ, पांढऱ्या केसांचे झुबके अडकलेले. भुरीच्या अंगावर पांढरा केस नाही. ताईंचा नर पांढराशुभ्र आहे.

मला म्हणजे मला फसवलं. तोंडावर "नाय सोडत" म्हणून पाठ फिरल्याबरोबर सोडला.

राग आला, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा जास्त बरं वाटलं. इतके दिवस माझ्या बाजूने एकच गोष्ट होती, ती म्हणजे ओटी, आणि ओटीचं कुणाला सांगावं तर लोक म्हणतात, रीतच आहे ती. आता दोन झाल्या. दुसरीला कुणी रीत म्हणणार नाही.

मी ताईंना फोन केला नाही. डॉक्टरांना केला. पंचवीस तारीख मिळाली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

झालं एकदाचं.

सगळं नीट लिहून ठेवते. सकाळी आई आणि मी भुरीला घेऊन रिक्षाने कर्जतला गेलो. सशाला उपाशी ठेवायचं नसतं म्हणून वाटेत ती कोथिंबीर खात होती. डॉक्टरांनी वजन केलं, पोट चाचपलं आणि विचारलं, "गेल्या महिन्याभरात नराजवळ गेली होती का? गेली असेल तर स्पष्ट सांगा. मग थांबू. पिल्लं होऊ देऊ, दूध तुटलं की ऑपरेशन करू. दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही."

दोन-तीन महिने. म्हणजे ताईंच्या मे महिन्यापर्यंत सगळं अगदी वेळेवर.

मी म्हटलं, "नाही. घराबाहेरच गेली नाही."

बाकावर आई खोकल्या. मी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. चेहरा उतरलेला. मला वाटलं भुरी गेली. पण ती जिवंत होती. ते म्हणाले, "ती गाभण होती. हरभऱ्याएवढ्या गाठी लागल्या होत्या. सहा. इतक्या लवकर हाताला लागत नाहीत कधीकधी, पण मी अजून थांबायला हवं होतं. चूक माझी आहे." आणि त्या पोराने माझ्यापुढे हात जोडले.

मी म्हणाले, "असू द्या डॉक्टर, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" असं मी त्यांना माफ केलं.

सहा. म्हणजे ताईंची तीन. लाटून न्यायला निघाली होती ना? घे आता. संध्याकाळी गोडाचा शिरा केला, आईंनी खाल्ला नाही. मीच खाल्ला.

२६ फेब्रुवारी

भुरी खात नाही. कोपऱ्यात पाठ करून बसली आहे. कोथिंबीर, हरळी, पालक, केळ्याचा तुकडा, सगळं तसंच पडून. डॉक्टरांनी पिचकारी दिली आहे, तिने दर दोन तासांनी पातळ पेज तोंडात सोडायची. अर्धी बाहेर येते. आज एकही ब्लाउज झाला नाही, गिऱ्हाइकं परत गेली. आज महाशिवरात्र, आईंचा उपास. मीही काही खाल्लं नाही, उपास म्हणून नव्हे.

दुपारी आई शेजारी येऊन बसल्या. भुरीच्या कानावरून बोट फिरवत म्हणाल्या, "सा म्हनला ना डागदर?"

"हो."

"तीन सुप्रीची. आनि तीन तुझी व्हती की गं."

मी पेज ढवळत होते.

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केलास तू, श्रद्धे."

कालपासून मी फक्त ताईंचीच तीन मोजत होते. माझी तीन मी एकदाही मोजली नव्हती. खोका कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवून झालं होतं माझं. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. आईंना ऐकू गेलं असणार.

२८ फेब्रुवारी

सकाळी हरळीची एक काडी खाल्ली. मग दुसरी. मग लेंड्याही दिसल्या. लेंड्या पाहून इतका आनंद झाल्याचं कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

१ मार्च

ताई आल्या. आईंनी फोनवर ऑपरेशनचं सांगितलं होतं, सहाचंही सांगितलं होतं. माझ्या उत्तराचं मात्र सांगितलं नव्हतं. मी तयारच बसले होते. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

मला तोंड उघडावंच लागलं नाही. ताई उंबऱ्यातच बसल्या. "माझ्यामुळं झालं गं. मी चोरून नर सोडला, तुला बोलले नाय. बोलले असते तर तू डागदराला सांगितलं असतंस, त्यानं हात लावला नसता. सा जीव गेले माझ्यापायी. आनि घरात माझी पोर भरल्या दिवसांची. तिला काय झालं तर, श्रद्धा?"

याच्याहून चांगला सूड मी बसून शिवला असता तरी जमला नसता. ताई माझ्या दारात रडत होत्या, चूक त्यांच्याच तोंडून कबूल होत होती, आणि मी नुसती उभी. एक वाक्य बोलले असते तर त्यांचं ओझं उतरलं असतं. मी ते बोलले नाही. उलट म्हटलं, "झालं ते झालं, ताई. पण सांगायला हवं होतंत."

जाताना त्यांनी भुरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, विटाळ व्हावा तसा.

मी जिंकले. जिंकल्यावर घरात एवढं गप्प का आहे कळत नाही.

३ मार्च

आईंच्या गुडघ्याला तेल लावत होते. त्या एकदम म्हणाल्या, "डागदराला तू काय बोललीस ते मी सुप्रीला सांगत नाय. तू बी मला काय इचारू नको."

"मी काय विचारणार?"

मी तेलाची वाटी जवळ ओढली. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ओटीला तुला फुडं करू नको असं मीच बजावलं व्हतं तिला. व्याह्यांकडची मान्सं नावं ठेवतील म्हनून. ती तयार नव्हती. मी शपथ घातली माजी."

माझा हात थांबला. ती रडली होती म्हणजे कशाने रडली होती ते आत्ता समजलं. या वहीत मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि वर 'नाटकं' असा शेराही मारलाय.

म्हणजे सूड घ्यायचा तर यांच्यावर घ्यायला हवा होता. त्यांचा गुडघा माझ्या हातात होता. चिडून तो झटकून टाकावासा वाटला. झटकला नाही. दुसऱ्या गुडघ्यालाही तेल लावलं आणि भांडी घासायला गेले. आज भांडी मी आपटली, तेवढं कबूल करते.

४ मार्च

कोंडाण्याला जाऊन आले. जायचं नव्हतं. वाटेत दोनदा वाटलं, उतरून परत फिरावं. कुणी मला पाठवलं नव्हतं आणि न सांगता राहिले असते तर कुणाला कधी कळलंही नसतं.

ताई परसात सशांची जाळी झाडत होत्या. नवी जाळी, आत कप्पे केलेले. रूपाली ओटीवर पाय पसरून बसली होती, मला बघून हसली. मी ताईंना विहिरीकडे घेऊन गेले आणि उभ्या-उभ्या सांगितलं.

"डॉक्टरांनी मला विचारलं होतं, ताई. नराजवळ गेली का म्हणून. मला ठाऊक होतं. पांढरे केस सापडले होते मला. मी नाही म्हणून सांगितलं."

ताईंच्या हातातला खराटा तसाच राहिला. "इचारलं व्हतं त्यानं?"

"हो."

"आनि तू नाय बोललीस."

"हो. ओटीचा राग होता. आईंनी काल सगळं सांगितलं मला. तुमचा दोष नव्हता."

"त्यात माझा दोष व्हता," ताई म्हणाल्या. "मी आईला नाय म्हनायला पाह्यजे व्हतं. तेवढं मी मानत्ये. पन त्या दिवशी मी तुझ्या दारात बसून पोरीच्या नावानं रडले, तवा तू ऐकत उभी व्हतीस." त्यांनी खराटा विहिरीच्या कठड्याला टेकवला. "चार राती मी झोपले नाय, श्रद्धा. रूपीनं कूस बदलली तरी उठून बसत व्हते."

मी पाया पडायला वाकले. त्या मागे सरकल्या.

१५ मार्च

रूपालीला नऊ तारखेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोन आईंना आला.

आज ताई आल्या. होळीची पोळी आईंसाठी डब्यातून आणली होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, घेतला नाही. बसल्याही नाहीत. भुरी पायाशी आली तशी वाकून तिला उचलली, पोटावरचा टाका पाहिला. भरलाय चांगला. केसही येऊ लागलेत.

"अर्धेली मोडायला आले," ताई म्हणाल्या. "रीतीनं जनावर मी माघारी न्यायला पाह्यजे. पन ती तुझ्या हातचं खात्ये, माझ्याकडं जगायची नाय. ठेव तुलाच. निम्मी नको, काय नको. पुरी तुझी."

मी म्हणाले, "ताई, अर्धेली राहू दे. पिल्लं नाहीत म्हणून काय झालं? तुम्ही येऊन बघून जात जा."

"काय बघू?"

त्यांनी भुरीला माझ्या हातात दिलं. भुरी केवढी जड आहे ते आज पहिल्यांदाच लक्षात आलं. आई आतून म्हणाल्या, "सुप्रे, चा तरी घे गं." ताई म्हणाल्या, "नको आई, पोर एकटी हाय घरी," आणि चपला घालून गेल्या. रस्त्यापर्यंत मी बघत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी मी काज करत बसले होते. आईंनी पोळी कुस्करून दुधात भिजत घातली, पण खाल्ली नाही. थोड्या वेळाने विचारलं, "आता महिन्याच्या महिन्याला यील का गं ती?"

मी म्हटलं, "आता कशाला येईल, आई?"